जिल्हा रुग्णालयातलं डायलिसिस की खाजगीतलं? अण्णांसाठी दोन्हीकडे जाऊन आलो, त्याचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देतो, घाईत असणाऱ्यांना तेवढं पुरेल. जिल्हा रुग्णालयाचं डायलिसिस युनिट ५ पैकी ४. खाजगी हॉस्पिटलचं डायलिसिस युनिट ५ पैकी अडीच. आणि त्याच खाजगीची रात्रीची इमर्जन्सी ५ पैकी ५, हे मनापासून देतोय. दोन्ही मराठवाड्यातल्या एकाच जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, नावं लिहीत नाही कारण काही गोष्टी तक्रारीच्या आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये, मला एवढंच पाहिजे की ज्यांच्या घरात नुकतंच कुणाचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) आठ-नऊ आलंय आणि डॉक्टरांनी डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करून घेणं, सांगितलंय त्यांना कुठं जायचं आणि गेल्यावर काय काय विचारायचं ते कळावं, कारण आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

पेशंट म्हणजे आमचे अण्णा, वडील. पंधरा-वीस वर्षांची शुगर, सोबत बीपी, शेतातलं काम आणि गुडघेदुखीसाठी गावातल्या डॉक्टरकडून सुई आणि पेनकिलरच्या गोळ्या. किडनी जाण्याची आपल्याकडची अगदी नेहमीची वाट आहे ही. पायाला सूज आली, जेवण जाईना, थोडं चाललं की दम लागायला लागला, तोपर्यंत दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात पक्की बसवा. डायलिसिस म्हणजे एकदाचं ऑपरेशन नाही. किडनी ट्रान्सप्लांट झालं नाही तर हे आयुष्यभर चालतं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळेला चार तास. तीनदा झालं तर उत्तम, पण आपल्याकडे बहुतेक लोकांचं दोनदाच होतं, पैसा आणि मशीन दोन्ही कमी म्हणून. त्यामुळे हॉस्पिटल निवडताना 'मोठं आहे, चकाचक आहे' हे बघून उपयोग नाही, तिथं तुम्ही वर्षानुवर्षं जाणार आहात, पावसात, लग्नसराईत, पेरणीच्या दिवसांतसुद्धा. हे लक्षात ठेवून खालचं सगळं वाचा.

आम्ही आधी खाजगीत गेलो. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की सरकारीत नको. या भीतीला आमच्या भागात कारण आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती, ती बातमी इथं घराघरात बोलली गेली आणि अजूनही कुणाला ॲडमिट करायचं म्हटलं की निघते. पण मग खाजगीचं काय, तर बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण पण आमच्याच भागातलं. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि यातली बरीच ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांतली. म्हणजे आमच्याकडच्या माणसाला दोन्ही दरवाजांची भीती आहे आणि ती उगीच नाही. तरी आजारी माणूस घरात ठेवता येत नाही, कुठंतरी जावंच लागतं.

खाजगीचं आधी सांगतो.

इमारत चांगली, एसी, प्रत्येक बेडला टीव्ही, स्वच्छता खरंच चांगली. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर तिथं असतात, हा सगळ्यात मोठा फायदा, सुरुवातीला त्यांनी अण्णांना नीट तपासलं आणि आईला समोर बसवून खाण्यापिण्याचं समजावलं. शहाळं बंद, केळी बंद, पालेभाजी चिरून पाण्यात ठेवून ते पाणी फेकून मग शिजवायची, पाणी मोजून प्यायचं, म्हणजे दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळवून तेवढंच. हे सांगायला त्यांनी वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांना कायम मानतो.

पण ते डॉक्टर रोजच्या डायलिसिसला येत नाहीत. रोजचं काम टेक्निशियनवर, आणि टेक्निशियन सारखे बदलतात. आज एक, पुढच्या वेळी दुसरा, तिसऱ्या वेळी एकदम नवीन पोरगा ज्याला अण्णांचं ड्राय वेट किती ते माहीत नाही. ड्राय वेट म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं ते, त्यावरून ठरतं की आज मशीनने किती पाणी काढायचं. ते चुकलं की एकतर बीपी धाडकन खाली येतं, पायात गोळे येतात, माणूस ओरडतो, नाहीतर पाणी आत राहतं आणि रात्री दम लागतो. दोन्ही प्रकार आम्ही तिथं बघितले.

दुसरं म्हणजे वेळ. चार तास लिहिलेलं असतं पण साडेतीन तासांत मशीन बंद करायचे, कारण पुढच्या शिफ्टचा पेशंट बाहेर बसलेला. मी घड्याळ लावून बसायला लागलो, विचारलं, तर म्हणाले क्लिअरन्स चांगला आलाय, म्हणजे रक्त पुरेसं साफ झालंय. कशावरून आला? रक्त तपासलं नाही, काही नाही. अर्धा तास कमी म्हणजे आठवड्याला एक तास कमी, निरोगी किडनी चोवीस तास काम करते तिथं आपण आठ तासांवर माणूस जगवतोय आणि त्यातला पण एक तास काढून घेतला तर काय राहिलं.

पैशाचं गणित असं. एका डायलिसिसचे २००० रुपये, आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला १६ ते १८ हजार. त्यात रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन वेगळं, आयर्न वेगळं, आणि ते त्यांच्याच मेडिकलमधून छापील किमतीत घ्यायचं, बाहेर तेच इंजेक्शन बऱ्याच कमी पैशात मिळत होतं पण बाहेरचं लावणार नाही म्हणाले. तिकडे महिन्याला तीस हजाराच्या आसपास जायला लागले. आमची कोरडवाहू चार एकर, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीत आहे.

योजनेबद्दल विचारलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हॉस्पिटल योजनेत आहे, बाहेर बोर्ड पण लावलाय. पण काउंटरवर उत्तर मिळालं की योजनेचे बेड फुल्ल आहेत, तोपर्यंत कॅश करा. हे 'तोपर्यंत' संपतच नव्हतं. आरोग्यमित्र म्हणून योजनेचा माणूस प्रत्येक योजनेच्या हॉस्पिटलात बसवलेला असतो, त्याची खुर्ची होती, तो कधी सापडायचा कधी नाही. दरफलकाचं पण तसंच, महाराष्ट्रात २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली त्यानुसार खाजगी हॉस्पिटलने दर आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायला पाहिजे, तिथं सनद लावलेली होती, दरफलक मला दिसला नाही. तुमच्याकडे नसेल तर मागा, हक्काने मागा.

शेवटी जिल्हा रुग्णालयात गेलो ते आमच्याच गावच्या एका आशाताईंच्या सांगण्यावरून. त्या म्हणाल्या, 'दादा, एकदा वर जाऊन युनिट बघून तर या, मग ठरवा.' गेलो, बघितलं.

पहिलं जे दिसलं ते असं की तिथले पेशंट एकमेकांना नावाने ओळखतात. सोमवार-गुरुवारची बॅच, मंगळवार-शुक्रवारची बॅच, वर्षानुवर्षं तीच माणसं. सिस्टर त्याच. टेक्निशियन तेच. अण्णा आत गेले की सिस्टर लांबूनच, 'काका, आधी वजन करा, मग बसा, चप्पल काढून करा हो.' वजनाचा आकडा वहीत, मागच्या वेळेचा शेजारी लिहिलेला. दोन डायलिसिसच्या मधे तीन किलो वाढलं तर आईला बाहेरून आत बोलवून विचारणार, 'मावशी, काय दिलं खायला, लोणचं दिलं का?' आई खरं सांगते. खाजगीत तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि घरात मीठ कुणाच्या हातात असतं, आईच्याच ना.

टेक्निशियन दादा फिस्टुलाला सुई लावण्यात इतका तरबेज आहे की अण्णा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि रोहिणी ऑपरेशन करून जोडतात, मग शीर फुगते आणि तिच्यातून डायलिसिससाठी भरपूर रक्त घेता येतं. ती तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, तोपर्यंत मानेत कॅथेटर म्हणजे नळी टाकतात. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो, मानेतल्या कॅथेटरमधून इन्फेक्शन व्हायचा धोका जास्त असतो, थंडी वाजून ताप आला तर घरी थांबू नका. आणि डॉक्टरने डायलिसिस जवळ आलंय असं म्हणताच फिस्टुलाचं विचारा, कॅथेटरवर महिने काढू नका. खाजगीत आम्हाला फिस्टुला करा असं सांगितलं होतं, पण त्या हाताची काळजी कशी घ्यायची ते शिकवलं सरकारीतल्या सिस्टरने. त्या हाताला बीपी मोजायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, त्या हाताने पाण्याची घागर उचलायची नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही, आणि रोज सकाळी बोटं ठेवून बघायचं, मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. थरथर थांबली की लगेच यायचं, उद्या नाही. अण्णा आता रोज दात घासायच्या आधी ते बघतात.

आता पाण्याचं, कारण डायलिसिसचं युनिट बघायला जाल तर मशीनपेक्षा आधी पाणी बघा असं माझं मत झालंय. डायलिसिसच्या मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रावण वाहतं, म्हणजे चार तासांत एका पेशंटला १२० लिटर शुद्ध पाणी. आरओ प्लांट जेवढं शुद्ध पाणी देतो साधारण तेवढं तरी वाया सोडतो, म्हणजे एका माणसाला अडीचशे लिटरच्या आसपास धरा, आणि युनिटमध्ये दिवसाला पंधरा-वीस माणसं. आता हे मराठवाड्यात बसवून बघा, जिथं २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्यामुळे हॉस्पिटलं टँकरवर. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग टाकलेलं असतं, क्लोरीन नीट गाळलं गेलं नाही तर ते डायलिसिसमधून रक्तातल्या लाल पेशींवर जातं, म्हणून आरओच्या आधी कार्बन फिल्टर असतो आणि क्लोरीन रोज तपासायचं असतं.

जिल्हा रुग्णालयात मी आरओची खोली दाखवा म्हटलं तर टेक्निशियन दादाने कसलेही आढेवेढे न घेता नेलं. भिंतीला कागद चिकटवलेला, रोजची तारीख, क्लोरीनची तपासणी, सही. टाकीवर झाकण. उन्हाळ्यात टँकर आला की पहिला डायलिसिसच्या टाकीत ओतायचा, मग बाकी वॉर्डांना, हे तिथल्या लोकांनी स्वतः ठरवून घेतलेलं आहे आणि ते पाळतात. खाजगीत हाच प्रश्न विचारला तेव्हा मला सांगितलं की आत जायला परवानगी नाही. ठीक आहे, असेल नियम, पण मग रजिस्टर तरी दाखवा, तेही नाही.

डायलायझरचं पण विचारायचं. ती नळकांड्यासारखी जाळी असते ज्यातून रक्त जातं. ती धुऊन त्याच पेशंटला परत वापरतात, ही पद्धत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालते आणि नीट केली तर चालते, पण त्यावर पेशंटचं नाव, कितव्यांदा वापरली, सगळं लिहिलेलं पाहिजे आणि दुसऱ्याची कधीच लागता कामा नये. जिल्हा रुग्णालयात लावायच्या आधी अण्णांना त्यांचं नाव वाचून दाखवतात. बी आणि सी कावीळ असलेल्या पेशंटचं मशीन वेगळं, कोपऱ्यात, लाल स्टिकर लावलेलं. दर काही महिन्यांनी सगळ्यांची तपासणी होते. हिपॅटायटिस बीची लस पण इथंच घेतली, डायलिसिसच्या पेशंटला डबल डोस लागतो हे मला इथं कळलं.

खर्च शून्य. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून सगळं मोफत झालंय. त्या निर्णयात मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं नव्हती, ती दुसऱ्या खात्याकडे येतात, बऱ्याच लोकांचा इथं गोंधळ होतो आणि मग काउंटरवर भांडणं होतात, म्हणून सांगितलं. शिवाय २०१६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हापासून हे जिल्ह्याजिल्ह्यात पसरत गेलं. त्याच्या आधी आमच्यासारख्या घरातल्या माणसाला किडनी गेली म्हणजे काही महिने संभाजीनगर किंवा पुण्याला हेलपाटे, मग जमीन विकायला काढायची, आणि मग पैसे संपले की डायलिसिस बंद. गावात अशी घरं आहेत, मी त्यांना ओळखतो. म्हणून या युनिटला मी चार स्टार देताना हात आखडत नाही.

एक स्टार कशाचा कापला ते पण सविस्तर सांगतो, लपवायचं काही कारण नाही.

नेफ्रॉलॉजिस्ट नाही. मेडिसिनचे डॉक्टर बघतात, माणूस चांगला, पण ओपीडी त्यांचीच, आयसीयू त्यांचंच, विषबाधा त्यांची, साप चावलेला त्यांचा, आणि वर डायलिसिस पण. औषधाचा डोस बदलायचा, फॉस्फरस वाढलाय, हिमोग्लोबिन सातच्या वर जाईना, अशा गोष्टींना किडनीचा डॉक्टर लागतो. आम्ही त्यासाठी दोन-तीन महिन्यांनी पैसे भरून त्याच खाजगीतल्या नेफ्रॉलॉजिस्टला दाखवतो आणि चिठ्ठी आणून सरकारीत देतो. आमचं चाललंय. पण शेजारच्या बेडवरचे बाबा, ज्यांना सोबत आणणारं कुणी नाही, ते कुठून दाखवणार.

जागा मिळायला वेळ लागतो. नाव लिहून ठेवतात, कुणाचा नंबर लागतो तेव्हा फोन येतो. आणि जागा कशी रिकामी होते ते तिथं बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. तिसरी शिफ्ट सुरू केली तर कितीतरी माणसं बसतील, मशीन आहेत, बेड आहेत, माणसं नाहीत. टेक्निशियन कंत्राटी, पगार उशिरा, तरी तो पोरगा दिवाळीच्या पाडव्याला ड्युटीवर होता.

मधे मधे सामान संपतं. हेपॅरिन (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) संपलं, ट्युबिंग संपलं, बाहेरून आणा. मोफत म्हणायचं आणि चिठ्ठी हातात द्यायची हे बरोबर नाही, सिस्टर पण ओशाळतात, त्यांच्या हातात काही नाही हे दिसतं. लाइट गेली की जनरेटर चालू होईपर्यंत मशीनची बॅटरी धरते, ते ठीक आहे. लिफ्ट मात्र बऱ्याचदा बंद आणि युनिट वरच्या मजल्यावर, डायलिसिस करून थकलेल्या माणसाला जिने उतरवायचे म्हणजे काय ते एकदा उतरवून बघावं. नातेवाइकांना बसायला बाकं नाहीत, बायका जिन्याखाली पिशव्या टाकून बसतात, चार चार तास, बाथरूमची अवस्था न लिहिलेलीच बरी.

रविवारी आणि रात्री युनिट बंद. आणि इथं त्या खाजगीचे ५ पैकी ५ येतात. मधे एकदा लग्नाच्या गडबडीत डायलिसिस पुढं ढकललं गेलं आणि रात्री दीड-दोनला अण्णांना श्वास घेता येईना, आडवं पडता येईना, खाटेवर बसून धाप. १०८ ला फोन केला, गाडी आली, आतच ऑक्सिजन लावला, जिल्हा रुग्णालयात इमर्जन्सीला इंजेक्शनं दिली पण रात्री मशीन चालवायला कुणी नाही, पुढं न्या म्हणाले. त्याच खाजगीत नेलं. वीस मिनिटांच्या आत टेक्निशियन घरून आला, मशीन लागलं, डॉक्टर स्वतः पहाटेपर्यंत उभे होते. पैशाचं सकाळी बोलले, आधी नाही. अण्णा आज आहेत ते त्या रात्रीमुळे आहेत. त्या डॉक्टरांबद्दल मी कधीच वाईट बोलणार नाही, आणि त्यांच्याच काउंटरबद्दल जे वर लिहिलंय त्यातलं पण एक अक्षर मागे घेणार नाही.

योजनेचं सांगायचं राहिलं. महात्मा फुले योजना म्हणजे आधीची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या राज्यात. तेव्हा घराला वर्षाचे दीड लाख होते. आठवड्याला तीन डायलिसिस रोखीने करायची म्हटली तर आमच्या इथल्या दराने वर्षाचे तीन लाखांच्या पुढं जातात, म्हणजे दीड लाखाचं काय व्हायचं ते बघा. आता मर्यादा पाच लाख केलीय आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट पण काढलीय, पांढरं कार्डवाल्यांना पण लागू. हा बदल खरोखर मोठा आहे, लोकांना माहीतच नाही. खाजगीत 'बेड फुल्ल' असं सांगितलं तर तिथंच उभं राहून योजनेच्या १५५३८८ वर फोन लावा, काउंटरसमोर. आम्ही नंतर एका नातेवाइकासाठी असंच केलं, त्याच दिवशी पेपर घेतले.

मला जे वाटतं ते असं, की वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराला ओळखीची माणसं लागतात, आणि ती सरकारी युनिटमध्ये आहेत. त्यांच्या डोक्यावर किडनीचा डॉक्टर आणि रात्रीचा एक टेक्निशियन एवढंच पाहिजे. रोज नेफ्रॉलॉजिस्ट ठेवा असं मी म्हणत नाही, एवढे डॉक्टर मराठवाड्यात नाहीतच, जे आहेत ते बहुतेक संभाजीनगर, लातूर, नांदेडला. पण आठवड्यातून एक दिवस, मानधन देऊन, त्याच शहरातल्या खाजगी डॉक्टरला सरकारीत बोलवायला काय हरकत आहे? आम्ही पेशंटच्या नातेवाइकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना सह्या करून तसा अर्ज दिलाय. त्यांनी वाचला, बसवून ऐकून घेतलं, वर पाठवतो म्हणाले. पाठपुरावा आम्ही सोडणार नाही.

आणि ज्यांच्या घरात शुगर-बीपी आहे पण किडनी अजून ठीक आहे त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, तिथून रक्त महालॅबला, म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठीच्या तपासणी लॅबला जातं, पैसे लागत नाहीत. बीपीच्या गोळ्या पण तिथं फुकट मिळतात. गुडघ्यासाठी सुया आणि पेनकिलर मारून घेणं बंद करा, किंवा निदान डॉक्टरला 'मला शुगर आहे' एवढं तरी सांगा.

जिल्हा रुग्णालयात नाव लिहायला जाताना आधार, रेशनकार्ड, सगळे जुने रिपोर्ट, सोनोग्राफी आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी चे ताजे रिपोर्ट सोबत न्या, हे नसले की परत पाठवतात. सकाळी नऊच्या आत जा, सिस्टर इन्चार्ज तेव्हा भेटतात, शिफ्ट सुरू झाली की त्यांना बोलायला वेळ नसतो. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या पेशंटला मोफत प्रवासाची सवलत आहे, त्याचं सर्टिफिकेट हॉस्पिटलमधूनच मिळतं, पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. चार तास एका जागी पडून राहायचं असतं म्हणून पांघरूण घरचं न्या, मशीनमधून रक्त फिरताना थंडी वाजते, आणि सोबत येणाऱ्या माणसाला बसायला सतरंजी.